पायाखालची वाळू

होडी बांधायला भाऊकाकांना जेवढे दिवस लागले त्याहून जास्त ती रंगवायला लागले, आणि गावानं त्यांची टिंगल केली ती रंगावरूनच. वाघोटणच्या खाडीकाठी होडी ही काही अप्रूपाची गोष्ट नव्हती. खाली विजयदुर्गच्या बंदरापासून वर खारेपाटणच्या अंगापर्यंत जागोजागी होड्या ओढून ठेवलेल्या असायच्या. दर वर्षी त्यांना तेलपाणी व्हायचं, नाळेवर हळदकुंकू लागायचं, नावं नव्यानं रंगायची. पण होडीच्या पोटात मुद्दाम वाळू लावणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. वाळू होडीत येते ती पायाला लागून, आणि पाण्याबरोबर तिला बाहेर फेकायला एक करवंटी ठेवलेली असते, एवढाच वाळूचा आणि होडीचा संबंध. इथे मात्र जन्मभर मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात नोकरी करून आलेला शहाणासुरता माणूस वाळू धूत होता, वाळवत होता, चाळत होता आणि चिमूटभर वाळू भिंगाखाली धरून बघत होता. पेन्शन डोक्यात गेली, असं गावाचं निदान होतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मी सातवी-आठवीत असतानाची. भाऊकाका डॉकयार्डात पेंटर म्हणून लागले आणि चार्जमन होऊन निवृत्त झाले. पेंटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिडी, डबा आणि चुना येतो. काकांचं काम निराळं होतं. जहाजाचा रंग हा शोभेसाठी नसतो, तो जहाजाची कातडी असतो, असं ते म्हणत. पाण्याखालचा रंग वेगळा, पाण्याच्या रेघेवरचा वेगळा, इंजिनखोलीतला वेगळा. आणि माणसं चालतात त्या डेकचा तर सगळ्यात वेगळा. 1961 साली नौदलात दाखल झालेल्या विक्रांतच्या डेकबद्दल बोलताना काकांचा आवाज बदलायचा. त्या डेकवर विमानं उतरत. तेल सांडलेलं, पाऊस पडतोय, जहाज डोलतंय, आणि त्यावर माणसांनी धावायचं. तिथे गुळगुळीत रंग म्हणजे मरण. म्हणून अशा डेकवर जाड, खरखरीत थर देतात, त्यात दगडासारखी टणक कच मिसळलेली असते. तो थर द्यायच्या आधी खालचं लोखंड अगदी उघडं, कोरडं, तेलाचा थेंब नसलेलं करून घ्यावं लागतं. "रंग सोपो आसा," काका सांगत, "रंगाचो आदलो दिवस कठीण."

एक गोष्ट ते अभिमानानं सांगत. डॉकयार्डाच्या त्याच आवारात वाडिया मंडळींनी सागवानी जहाजं बांधली. त्यातलं 1817 साली मुंबईत पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली इंग्लंडात अजून तरंगतं आहे. त्या जहाजांच्या सागवानी डेकला रंगच देत नसत. उघडा साग ओला झाला तरी पाय धरून ठेवतो, फक्त तो दगडानं घासून स्वच्छ ठेवायचा. खलाशी गुडघ्यांवर बसून रोज डेक घासत, ते त्यासाठीच. लाकडावर चकचकीत रंग चढला आणि घसरण्याची कटकट सुरू झाली, असा काकांचा सिद्धांत होता. तो पूर्ण खरा नसेल, पण आमच्या तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडून नेणाऱ्या, होडीबाबत तंतोतंत खरा होता.

कारण आमची आजी पडली ती तिथेच. पलीकडच्या काठावर, म्हणजे तेव्हाच्या नव्या जिल्हावाटणीत रत्नागिरीच्या हद्दीत, तिचं माहेर. रस्त्यानं जायचं तर खाडीला मोठा वळसा, दोन एसट्या, अर्धा दिवस. तरीनं गेलं तर पान खाऊन होईपर्यंत पलीकडे. तरीवाल्यानं एके वर्षी हौसेनं होडीला आतून निळा ऑइल पेंट मारला. दिसायला होडी सुरेख झाली. ओहोटीची वेळ, उतारावर गाळ, पायऱ्यांना शेवाळ. चिखलाचा पाय त्या निळ्या रंगावर पडला आणि आजी बाकावर आदळली. मनगट मोडलं. मनगट यथावकाश जुळलं, पण आजी पुन्हा होडीत बसली नाही. "माका आता खंय जावचा नाय," हे तिचं पालुपद झालं. तिचा धाकटा भाऊ पलीकडे अंथरुणाला खिळलेला होता. काठावर उभं राहिलं की त्याच्या घराचे माड दिसत.

भाऊकाका गावी आले, त्यांनी हे ऐकलं आणि आठवड्याभरात मुंबईला परत जाऊन प्लायवुड घेऊन आले.

होडीबांधणीचं मी फार सांगत नाही, कारण ती फार लवकर आटोपली. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात त्यांनी मिरर नावाच्या होडीची माहिती वाचलेली होती. 1963च्या सुमारास लंडनच्या डेली मिरर या वर्तमानपत्रानं सामान्य माणसाला घरच्या घरी बांधता येईल अशी शिडाची होडी काढली. जॅक होल्ट हा होड्यांचा नामांकित आखणीकार आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारा गृहस्थ, अशा दोघांची ती करणी. प्लायचे तुकडे कापायचे, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं ते एकमेकांना शिवायचे आणि सांध्यांवर काचेच्या धाग्यांची पट्टी रेझिननं चिकटवायची. पठाण म्हणजे कणा नको, वाक म्हणजे बरगड्या नकोत, वाफेवर फळ्या वाकवणं नको. अशा सत्तर हजारांवर होड्या जगभर झाल्या. काकांची होडी तिच्यापेक्षा साधी होती, शीड नसलेली, दोन वल्ह्यांची, सपाट बुडाची. पण शिवण्याची युक्ती तीच. आमचा सुतार खळ्यात येऊन होडी शिवताना बघायचा आणि शिंप्याला बोलवा म्हणायचा.

खरी गंमत पुढे. प्लायवर आयएस 710चा शिक्का होता, म्हणजे मरीन प्लाय, पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाचा. तरी काकांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. पाणी प्लायच्या तोंडावरून शिरत नाही, कडेवरून शिरतं. कड म्हणजे शेकडो उघड्या नळ्या. म्हणून कडांना आधी रेझिन पाजायचं, पिऊ देत राहायचं, पिणं थांबेपर्यंत. मग सगळ्या होडीला आतबाहेर इपॉक्सीचे हात. आणि हे काम कायम संध्याकाळी. आम्हां पोरांना वाटायचं ऊन लागतं म्हणून. कारण वेगळं होतं. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर यायला बघते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड निवत जातं, हवा आत आक्रसते आणि रेझिन आपसूक आत ओढलं जातं. रंगाचं मात्र उलट. रंग सकाळी दव वाळल्यावर, म्हणजे नऊनंतर, आणि दुपारचा खारा वारा सुटायच्या आत मारायचा, तो संध्याकाळच्या दवाआधी कोरडा व्हायला हवा. त्यामुळे काकांचा दिवस दोन टोकांना वाटलेला असे आणि मधली दुपार आमची, गोष्टींची.

इपॉक्सीचे दोन डबे असत. दोन्ही ठरल्या मापात मिसळले की घड्याळ सुरू. मिश्रण खोल भांड्यात ठेवलं तर स्वतःच तापतं. एकदा करवंटीत उरलेलं रेझिन काकांनी मुद्दाम तसंच ठेवलं आणि आम्हांला भोवती बसवलं. थोड्या वेळात करवंटी हाताला चटका देऊ लागली, मग तिच्यातून धूर निघाला, मग आतला माल पिवळा पडून तडकला. "म्हणान ताटात वतायचा, पसरून," काका म्हणाले. त्यानंतर आमच्यातला कुणी त्या डब्यांच्या आसपास फिरकला नाही. पोरांना भीती घालण्यापेक्षा धूर दाखवणं बरं, हे शिक्षकांनीही घेण्यासारखं आहे.

सुकल्यावर इपॉक्सीवर मेणासारखा एक चिकट पापुद्रा येतो. आमच्याकडच्या दमट हवेत तर हमखास. तो दिसत नाही, बोट फिरवलं तर कळतो. त्याच्यावर रंग दिला की रंग धरत नाही आणि महिन्याभरात साल सुटावी तसा निघतो. तो थिनरनं पुसायचा नाही, साध्या पाण्यानं घासून काढायचा. हे काम आमच्याकडे होतं. काथ्याची चुंबळ आणि बादली घेऊन आम्ही होडीत बसायचो, बाहेरून मावशी-आत्या विचारायच्या, "भांडी घासताहात की होडी?" मग वॉटर पेपर, मग अस्तर, मग खड्ड्यांना लांबी, पुन्हा पेपर. हे सगळं अजून "रंगाच्या आदल्या दिवसा"तच मोडत होतं.

वाळूचा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं की खाडीवर ढीगभर आहे, आत्ता आणते. काकांनी आणू दिली. मग दोन बश्या घेतल्या. एकीत खाडीची वाळू, दुसरीत कागदाच्या पुडीतून काढलेली पांढुरकी रेती. दोन्हींवर लिंबू पिळलं. खाडीच्या वाळूतून बारीक बुडबुडे फुटले, पांढरी रेती गप्प राहिली. बुडबुडे शिंपल्यांचे. आपली पुळणीची वाळू म्हणजे निम्मा शिंपल्यांचा चुरा, पायाखाली तो पिठासारखा होतो. शिवाय तिच्यात मीठ. रंगाखाली मिठाचा एक कण राहिला तरी तो हवेतलं पाणी ओढत बसतो आणि तिथे फोड येतो. पांढरी रेती कासार्ड्याची होती. तळेऱ्याजवळच्या कासार्डे भागात सिलिकाची वाळू निघते, काच आणि ओतकामाच्या कारखान्यांना जाते. विजयदुर्ग-तळेरे रस्त्यावरच्या एका ट्रकवाल्याकडून काकांनी एक गोणी मागून आणली होती. भिंगाखाली तिच्या कणांना कोपरे दिसत. नदीतल्या वाळूचे कोपरे पाण्यानं झिजलेले असतात, पाय त्यांवरून गडगडतो. कोपरे हवेत.

गोणी घमेल्यात घालून निवळ पाणी येईपर्यंत धुतली. पत्र्यावर वाळत टाकली तर कोंबड्या आल्या. कोंबड्यांना दाणा दळायला पोटात खडे लागतातच, त्यांना ही मेजवानीच. एक जण वाळू राखायला बसवावा लागला. मग चाळणं. चाळताना तोंडाला फडकं बांधायची सक्ती होती. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, हे काकांनी डॉकयार्डात डोळ्यांनी पाहिलेलं होतं. चाळण्या आईच्या स्वयंपाकघरातल्या गेल्या. रव्याच्या चाळणीतून खाली पडली पाहिजे आणि मैद्याच्या चाळणीवर राहिली पाहिजे, एवढीच वाळू कामाची. त्याहून जाड असली तर गुडघे सोलतात, बारीक असली तर रंगात बुडून जाते. आजी ओटीवरून ओरडली, "चाळणी बाटयलंस!" काकांनी पुढच्या बाजाराला देवगडहून दोन नव्या चाळण्या आणल्या, त्या आईनं कपाटात ठेवल्या आणि वाळूच्याच धुऊन पुन्हा वापरायला काढल्या. का, ते मला आजही कळलेलं नाही.

वाळू लावायच्या आदल्या संध्याकाळी काकांनी होडीत पेन्सिलीनं नकाशा काढला. पाय कुठे पडतो? काठावरून पहिला पाय, तो सगळ्यात धोक्याचा, कारण तेव्हा अर्धं वजन जमिनीवर आणि अर्धं होडीत असतं. मग मधला तळ, मग नाळेकडचा तुकडा जिथे उभं राहून दोर फेकतात. तिथे वाळू. बाकावर नाही, काठाच्या कडेला नाही, वल्हं घासतं तिथे नाही. प्रत्येक पट्ट्याभोवती दोन बोटं गुळगुळीत जागा सोडायची, म्हणजे पाणी वाहून जातं आणि फडकं फिरवता येतं. पट्ट्याचे कोपरे पेला उपडा ठेवून गोल आखले. चौकोनी कोपरा पायाच्या बोटानं उचकटतो आणि एकदा कोपरा सुटला की पुढचा रंग त्याच्या मागोमाग जातो. कडेनं कागदी पट्टी चिकटवली.

सकाळी जाड हात मारला, फिकट राखाडी रंगाचा. आम्हांला लाल हवा होता, विक्रांतचा राखाडी कंटाळवाणा वाटायचा. पण एप्रिलच्या उन्हात गडद रंगावर अनवाणी उभं राहून बघा म्हणून काकांनी आम्हांला बैलगाडीच्या लोखंडी धावेवर हात ठेवायला लावला. मग पांढरा का नको? पाण्यावरून येणारा झगझगाट डोळ्यांत खुपतो म्हणून. राखाडीच.

रंग ओला असतानाच वाळू. तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला पावडरचा डबा, हातभर उंचीवरून, मनगट हलवत. काही लोक वाळू रंगाच्या डब्यातच ढवळून मारतात. काकांना ते मान्य नव्हतं, कारण वाळू तळाशी बसते, पहिल्या ब्रशला पाणीच येतं आणि शेवटच्याला चटणी. वरून भुरभुरायची तर कंजूषपणा करायचा नाही. रंग दिसेनासा होईपर्यंत घालायची. इथे मी विचारलं की एवढी लागेल का, थोडी पुरेल. काकांनी डबा थांबवला. निम्मी खरखरीत आणि निम्मी गुळगुळीत जागा ही पूर्ण गुळगुळीतपेक्षा वाईट, ते म्हणाले. गुळगुळीत जागेवर माणूस जपून चालतो. खरखरीत जागेवर एकदा पाय स्थिरावला की दुसरा पाय बेफिकीर पडतो आणि नेमका तोच घसरतो. मला ही गोष्ट अजून पटते, आणि नव्या इमारतींच्या पायऱ्यांवर चकचकीत फरशीला मध्येच एकेक खरखरीत रेघ मारलेली पाहिली की राग येतो.

कागदी पट्टी रंग ओला असतानाच ओढून काढली. सुकल्यावर ओढली तर कड फाटते. दुसऱ्या दिवशी मऊ केरसुणीनं उरलेली वाळू झाडून परत डब्यात. तिच्यावर पुन्हा रंगाचा पातळ हात, मग आणखी एक. इथे नेमकेपणा लागतो. हात कमी पडले तर कण उचकटून निघतात, जास्त पडले तर कोपरे बुडतात आणि सगळं चाळणं फुकट. काका आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीची चिंधी त्यावरून ओढून बघायचे. चिंधी अडकली पाहिजे, पण फाटता कामा नये. एका कोपऱ्यात फाटली, तिथे आणखी एक हात.

बुडाला बाहेरून मात्र त्यांनी साधा रंग दिला. जुन्या होड्यांना आमच्याकडे काजूच्या सालीचं तेल, मुशीचं तेल, चुना असं काय काय लागायचं. काजूच्या सालीचं तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, किडा त्याला वचकणारच. मुंबईत जहाजांच्या बुडाला तांब्याचा लालसर रंग देतात, शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून. काका म्हणाले, होडी रोज ओढून वर ठेवायची आहे, पाण्यात राहणाऱ्या जहाजाचा खर्च कशाला. डॉकयार्डात राहूनही काटकसर टिकवलेला माणूस.

पावसाळाभर होडी झापांखाली राहिली. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ दिला आणि होडी पाण्यात गेली. आजी काठावर आली, ओवाळलं, आणि घरी गेली. बसायचं नाव नाही. काकांनीही आग्रह केला नाही. ते रोज होडी काढत, आम्हांला ओल्या पायानं होडीत उड्या मारायला लावत, आणि आजी हे लांबून बघते आहे याची खात्री करून घेत.

भाऊबीजेला आजी स्वतःहून तयार झाली. रीतीनं भावानं यायचं, पण भाऊ उठू शकत नव्हता, तेव्हा बहिणीनं जायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास. अमावास्येचं उधाण होतं, जाताना पाणी पार वरच्या पायरीला लागलेलं, पाय कोरडा, काही कसोटीच लागली नाही. परतीला पाच वाजले. ओहोटी भरात आलेली, पलीकडच्या काठावर गाळच गाळ. आजी घोट्यापर्यंत चिखलात, लुगडं वर खोचलेलं, एका हातात ओवाळणीचं ताट, दुसरा हात काकांच्या खांद्यावर. तिनं चिखलाचा पाय होडीत ठेवला, दाबून बघितला, काढला, पुन्हा ठेवला. "पाय ठेव गो आये, काय्येक होवचा नाय." दुसरा पाय आला. होडी हलली, आजी हलली नाही.

आता ती मुलाचं कौतुक करील असं आम्हांला वाटलं. मध्यावर एक लाँच गेली, तिच्या लाटेनं होडी कलली आणि आजी त्या गुळगुळीत, पॉलिश केलेल्या बाकावरून सरळ घसरत माझ्यावर आली. "हंय वाळू कित्याक नाय लावलंस?" काकांनी समजावलं की बाकाला वाळू लावली तर लुगड्याच्या चिंध्या होतील. ते तिला पटलं नाही. ती उठली आणि खाली तळावर गोणपाट टाकून बसली. पुढे नेहमी तिथेच बसायची. होडीचा तिला आणखी एक उपयोग सापडला. काठावर ओढून ठेवलेल्या होडीत दुपारी पाय घालून बसायचं आणि त्या राखाडी पट्ट्यावर टाचा घासायच्या. वजरीपेक्षा बरी, असा तिनं शेजारणींना दाखला दिला. रंगाचा तिथला भाग लवकर झिजला, काका दर वर्षी गुमान एक हात मारत.

हल्ली तयार वस्तू मिळतात. चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या, जाळीदार रोलरनं टोकंटोकं उठवायचा दाट रंग, वाळूऐवजी प्लास्टिकचे बारीक मणी. गुडघ्यांना ते जास्त सुसह्य असतात हे मी मान्य करते. आणि काकांच्या पद्धतीत एक मोठी खोट होती, तेही सांगायला हवं: हा थर काढणं म्हणजे शिक्षा. घासायला घेतलं तर कागद फाटतात, पटाशीची धार जाते. त्यांना कधी तो मुळापासून काढावा लागला नाही, कारण खाली धरलेला रंग सुटलाच नाही.

मासेवाल्यांनी होडी पाहिली, पाय लावून बघितले आणि नको म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. माशाची खवलं आणि चिकटा त्या कणांत अडकला की कितीही पाणी मारा, वास जात नाही. त्यांना तळ खरवडता आला पाहिजे. घसरायचा प्रश्न ते उघड्या, तेल प्यायलेल्या लाकडावर अनवाणी पायाच्या बोटांनी सोडवत आले होते.

तरीवाल्याचं मात्र मन झालं. आजीच्या मनगटाचा ठपका त्याच्यावर होताच, आणि आता निळ्या होडीत बसताना बायका त्याला ऐकवू लागल्या होत्या. काकांनी त्याची होडी तपासली. वर्षानुवर्षांचं माशाचं तेल लाकडात मुरलेलं, वर निळा पेंट; तिच्यावर काही धरणं शक्य नव्हतं. मग काकांनी त्याला उरलेल्या प्लायच्या सुट्या फळ्या करून दिल्या, घरी नीट रंगवून, वाळू लावून, तळावर नुसत्या ठेवायच्या. धुवायला काढता येतात, झिजल्या की बदलता येतात. खरं तर ही युक्ती त्या सगळ्या होडीपेक्षा सरस होती. तरीवाल्यानं पैसे विचारले. काका म्हणाले, पैसे नकोत, आयेचो तरीचो पैसो घेव नको म्हणजे झाला. यात खर्च काहीच नव्हता, आजीला घरची होडी होती.

पण आठ दिवसांत आजी तरीच्या रांगेत. घरची होडी दारात ओढलेली, काका वल्ही घेऊन उभे, आणि ही पिशवी घेऊन तरीवर. काकांनी विचारलं तर म्हणाली, "घरच्या होडयेत माणसा खंय असतत? तरयेत बसलंय की दोन गावच्यो बातम्यो कळतत. आणि पैसे बी पडनत नाय."